पिझो पिकअप गप्प का होतो?

स्नेहसंमेलन तोंडावर आलंय आणि मुलाच्या इलेक्ट्रिक गिटारचा पिझो फाटका वाजतोय? लगेच दुकान गाठू नका. चुंबकी पिकअप तारेचं कंपन चुंबकाने टिपतो. पिझो मात्र ब्रिजमधल्या स्फटिकावरच्या बदलत्या दाबातून वीज काढतो. (हा गुणधर्म क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवला. विज्ञानाच्या तासालाही सांगण्यासारखा!) पिझोला प्रीअँप लागतो, तो बहुधा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. म्हणून चुंबकी पिकअप नीट आणि पिझोच खराब वाजत असेल तर आधी बॅटरी बदला. केबल खोचलेली राहिली की बॅटरी उतरत राहते, हे मुलांना माहीतच नसतं. एकच तार मंद वाजते? तिच्या सॅडलवर हलकी टिचकी मारा. अँपमधून शेजारच्या सॅडलइतका ‘टक’ आला नाही, तर सॅडल नीट बसलेलं नसेल किंवा त्याची वायर सुटली असेल. मग कारागिराकडे जा.