२४ एचपीला ५ फुटी रोटाव्हेटर गळ्यात पडतो तेव्हा

ज्या विक्रेत्याने मला ते अवजार दिलं, तो अजूनही बाजारात भेटला की हसून विचारतो, ‘काय भाऊ, कसा चाललाय रोटाव्हेटर?’ म्हणून हे लिहितोय.

निफाड तालुक्यातली काळी जमीन, ९ फुटी गाळ्याची द्राक्षबाग, २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर. दुकानात मी दोनच गोष्टी विचारल्या होत्या. पीटीओवर किती ताकद लागेल आणि अवजाराचं वजन किती? दोन्हींना एकच उत्तर मिळालं: ‘चोवीसला पाच फुटी आरामात चालतो. चार फुटी घेऊन डिझेल कशाला जाळता?’ माहितीपत्रक मागितलं, तर ‘संपलंय’. ज्याचा हाच धंदा आहे त्याच्या शब्दावर शेतकऱ्याने भरवसा ठेवायचा नाही, तर कोणाच्या?

खरड छाटणी उरकली, पाणी देऊन वाफसा आणला आणि बागेत शिरलो. पात्यांनी माती धरली तसा इंजिनाचा आवाजच बसला. काळा धूर. खालचा गिअर टाकला, तरी भार आला की आरपीएम खाली. खोली कमी केली, तर जमीन नुसती वरवर खरवडली जायची, ढेकळं जिथल्या तिथे. पण खरी धडकी भरली ती ओळ संपताना. वळायला अवजार उचललं आणि पुढची चाकं हलकी झाली. मी स्टिअरिंग फिरवतोय आणि ट्रॅक्टर सरळ मांडवाच्या अँगलकडे चाललाय! ब्रेक दाबून थांबलो, मागे पाहिलं, तर बाजूच्या गिअरपेटीने बोदाची कड कापत आणलेली. पांढऱ्या मुळ्या उघड्या पडलेल्या. छाटणीनंतर वेल ज्या मुळ्यांवर उभा राहायचा, त्याच.

मेकॅनिक आला, खाली उतरूनही न बघता म्हणाला, ‘तुम्ही खोल लावता.’ दुकानाचा मालक फोनवर म्हणाला, ‘तुमची जमीनच भारी आहे.’ निफाडात दुकान थाटलेल्या माणसाला इथली जमीन भारी असते हे माल विकल्यावर कळतं! बदलून मागितला तेव्हा ठरलेलं वाक्य आलं: ‘पाती मातीला लागली, आता परत नाही.’

तेव्हा कोणीही मिनी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर घेणार असेल, तर इंजिनाच्या एचपीवर माप ठरवू नका. पीटीओवर मिळणारी ताकद त्याहून कमी असते, २४ च्या ट्रॅक्टरला जास्तीत जास्त २१-२२. भारी जमिनीत फुटामागे ५-६ एचपी धरा. म्हणजे साडेतीन, फार तर हलक्या बांध्याचा ४ फुटी. मुरमाड, हलक्या रानात थोडी सूट मिळते, पण हरळी माजलेली असेल तर तीही विसरा.

मग चाकांची बाहेरून बाहेरची रुंदी टेपने मोजा. अवजार त्याहून थोडं रुंद हवं, नाहीतर चाकोरी दाबलेलीच राहते. माप अगदीच जुळत नसेल, तर चाकांतलं अंतर कमी करता येतं का किंवा एका बाजूला सरकवून जोडायची सोय अवजारात आहे का, हे विचारा. बागायतदारांनी तर एकूण रुंदीच बघावी. ‘५ फुटी’ ही पात्यांच्या कामाची रुंदी, गिअरपेटी त्याच्या बाहेर असते आणि बोद कापते ती तीच.

वजनाकडे कोणी बघत नाही. भारी बांध्याचा ५ फुटी साडेतीनशे-चारशे किलोच्या घरात जातो. ट्रॅक्टरच्या कागदावरची उचलक्षमता लिंकच्या टोकाशी मोजलेली असते. अवजाराचा भार त्याच्याही मागे पडतो. हायड्रोलिकने उचललं म्हणजे पेललं असं नाही. गरज असेल तर पुढे वजनं लावा.



अनुदानाच्या आशेने मोठं माप घेऊ नका. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर पूर्वसंमती मिळाल्याशिवाय बिल करू नका, आणि अर्ज करण्याआधीच माप पक्कं करा. नंतर अवजार बदलायचं म्हटलं की कागदांचा घोळ होतो. पैसे देण्यापूर्वी आपल्याच रानात, आपल्याच ट्रॅक्टरवर एक ओळ चालवून दाखवायला सांगा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर दुसरं दुकान गाठा. आणि ‘ट्रॅक्टरला न पेलल्यास बदलून देऊ’ हे तोंडी ऐकू नका, बिलावर सहीशिक्क्यासह लिहून घ्या.