फोनवरचं रेकॉर्डिंग घटस्फोटात पुरावा ठरतं का?

प्रश्न : पत्नीचे दुसऱ्या पुरुषाशी संबंध आहेत. आमच्या दोघांच्या फोनवरच्या बोलण्यात तिनं ते कबूल केलं, ते माझ्या मोबाईलमध्ये रेकॉर्ड आहे. वकीलसाहेब, कोर्टात चालेल का?
– एक वाचक, कळंब (ता. इंदापूर)

उत्तर : चालू शकेल. पती-पत्नीतला संवाद कायद्यानं गोपनीय असला, तरी त्यांच्या आपसातल्या दाव्यात ही आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२५ रोजी विभोर गर्ग खटल्यात सांगितलं. संभाषण चोरून रेकॉर्ड केलेलं होतं, तरीही.

मात्र पुरावा दाखल होणं वेगळं आणि आरोप सिद्ध होणं वेगळं. आवाज तिचाच आहे, काटछाट नाही, हे दाखवावं लागेल. म्हणून मूळ मोबाईल जपा. विकू नका, फॉरमॅट करू नका. फाईल नुसती पेनड्राइव्हवर देऊन भागत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं. आपल्या जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात २०२० साली न्यायालयानं जुन्या कायद्याखालचं असं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं होतं.

एक कळकळीची विनंती. पत्नी आणि त्या माणसाचं बोलणं पकडण्यासाठी तिच्या फोनमध्ये छुपं ॲप टाकू नका. तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. नुसत्या लाडिक गप्पांवरून व्यभिचार सिद्ध होत नाही, त्यामुळे अर्जात मानसिक क्रूरतेचा मुद्दाही घ्या. आणि क्लिप भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुळीच टाकू नका. ती फक्त तुमच्या वकिलाला ऐकवा.