दोष कोठे आहे?

तुम्ही सांताक्रूझच्या एका जुन्या इमारतीत राहता असे समजा. तुमच्या घरी इंटरनेट अजूनही टेलिफोनच्या तारेवरून येते. आपाला महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज पाठवायचा आहे आणि आज शेवटचा दिवस आहे. पण प्रमाणपत्र अर्ध्यावरच अडकते. अब्बा म्हणतात, "कंपनीत तक्रार करा." जरूर करा, पण आधी दहा मिनिटे आपणच शोध घेऊ या.

मुंबईत महानगर टेलिफोन निगमने २००५ साली अशी ब्रॉडबँड सेवा सुरू केली. तांब्याच्या दोन बारीक तारा एकमेकींना पीळ देऊन एक्स्चेंजपासून घरापर्यंत आणलेल्या असतात. आपले बोलणे चार किलोहर्ट्झच्या आत मावते. इंटरनेटचे संकेत त्याच तारांवरून, पण सुमारे पंचवीस किलोहर्ट्झच्या वर धावतात. या दोघांना वेगळे करणाऱ्या छोट्या डबीला स्प्लिटर म्हणतात. घरातला एखादा फोन स्प्लिटरशिवाय जोडला असेल, तर तो उचलताच इंटरनेट अडखळते.

आता रिसीव्हर कानाला लावा. खरखर ऐकू येते का? येत असेल तर संगणकाला बोल लावू नका. मोडेमवरचा डीएसएलचा दिवाही पाहा. तो स्थिर हवा. सारखा लुकलुकत असेल, तर मोडेमचा एक्स्चेंजशी संपर्क तुटतो आहे. मग घरातले सगळे फोन काढून ठेवा आणि तार जेथे घरात शिरते, त्या पहिल्या सॉकेटला मोडेम थेट जोडा. वेग सुधारला तर दोष घरातल्या तारेत किंवा फोनमध्ये आहे. मात्र एका वेळी एकच बदल करा. नाहीतर कशामुळे सुधारले ते कळणार नाही.

वेग सुधारला नाही, तर दोष बहुधा बाहेर आहे. सांताक्रूझला पावसाचे काय सांगावे! २००५ च्या २६ जुलैला येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पण तारेच्या सांध्यात पाणी शिरायला तेवढा पाऊस लागत नाही. ओल्या सांध्यातले तांबे गंजते आणि संकेत क्षीण होतो. एक्स्चेंज फार लांब असेल तरीही तो क्षीण होतो. त्याला घरात इलाज नाही.

तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढेच सांगू नका. "मोडेम पहिल्या सॉकेटला थेट जोडला, तरी दिवा लुकलुकतो, फोनवर खरखर आहे आणि ती पावसात वाढते," असे सांगा. म्हणजे लाइनमन घरात वेळ न घालवता इमारतीखालच्या पेटीपासून तपासणी सुरू करील.

आणि आपाचा अर्ज? तो अब्बांच्या मोबाइलवरून आत्ताच पाठवा. लाइनमन उद्या येईल.