दवाखान्यातील कचरा आणि आपले शेणखत



या सदरात आपण आजवर बेणेमळा, खोडवा, पाचट आच्छादन, पाण्याच्या पाळ्या असे विषय घेत आलो. या खेपेला विषय दवाखान्याचा आहे. ऊस विकास खात्याला दवाखान्याशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण लागणीच्या आधी गटातून फिरताना शेतात टाकलेल्या शेणखताच्या ढिगांत आम्हांला सलाइनच्या नळ्या, औषधाच्या फुटक्या बाटल्या आणि सुया दिसतात. हेक्टरी २० ते २५ टन शेणखत आपण घालतो. त्यातून आलेली एक सुई सरीत पडून राहते आणि बांधणीला नाहीतर तोडणीला कुणाच्या तरी पायात घुसते. तो पाय आपल्या घरच्या माणसाचा असेल, नाहीतर टोळीतल्या मजुराचा. म्हणून हा विषय आपल्या बांधावरचाच समजावा.

शंभर किलोत पंधरा किलो

दवाखान्यातला सगळाच कचरा घातक असतो असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने शंभर किलोपैकी सुमारे ८५ किलो कचरा आपल्या घरच्यासारखाच असतो. कागद, खोकी, फळांच्या साली, उरलेले अन्न यांचा तो असतो. राहिलेला १५ किलो तेवढा घातक. त्यात रक्ताने भिजलेला कापूस व बँडेज, सुया, शस्त्रक्रियेत काढलेले भाग, मुदत संपलेली औषधे येतात. आता हे १५ किलो त्या ८५ किलोत मिसळले तर? मग शंभरच्या शंभर किलो घातकच धरावे लागतात.

आपणांस हे पटायला वेळ लागू नये. तोडणीच्या वेळी वाढे, पाचट, मुळ्या आणि माती मोळीत बांधली गेली की पुढे गव्हाणीवर ती कोणी निवडून काढू शकत नाही. ती रसाबरोबर जाते आणि उतारा खाते. जे काम कोयता हातात असताना होते, ते पुढे शंभर माणसे लावूनही होत नाही. कचऱ्याचेही तसेच आहे. ज्याच्या हातून कचरा निघाला, त्यानेच तो तिथल्या तिथे वेगळा ठेवायचा. सगळ्या शास्त्राचे सार एवढेच आहे.

चार रंगांचा हिशेब

१९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९८ साली दवाखान्यांच्या कचऱ्याबाबत पहिले नियम निघाले. त्यांच्या जागी २०१६ साली नवे नियम आले. त्यांत चार रंग ठरवून दिले आहेत. दवाखान्यात गेलात तर भिंतीवर तक्ता दिसेल, तो जरूर वाचावा.

पिवळी पिशवी: रक्ता-पुवाचा कापूस, बँडेज, शरीराचे भाग, जुनी औषधे. हे मुख्यतः मोठ्या भट्टीत जाळतात.

लाल पिशवी: सलाइनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे. हे प्लॅस्टिक जाळत नाहीत. ते १२१ अंश सेल्सिअसच्या दाबाच्या वाफेत तासभर ठेवून जंतू मारतात, मग त्याचे तुकडे करून पुन्हा वापरात आणतात. वाफेचा गुण कारखानदारीतल्या माणसांना वेगळा सांगायला नको.

पांढरा डबा: सुया, पाती, जे जे टोचते व कापते ते. डबा असा हवा की सुई त्यातून आरपार येऊ नये.

निळ्या खुणेचा डबा: काचेच्या बाटल्या व कुप्या. त्याही निर्जंतुक करून पुन्हा वितळवता येतात.

पिवळ्या पिशवीतला ओला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नये, असा दंडक आहे. हे नियम मोठ्या रुग्णालयांपुरते नाहीत. लहान दवाखाने, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळा, गुरांचे दवाखाने, रक्तदान शिबिरे, लसीकरण शिबिरे ही सगळी त्यांत येतात. कचरा उचलून नेणाऱ्या माणसांना कावीळ ब आणि धनुर्वाताची लस द्यावी, असेही त्यांत लिहिले आहे.

काडी लावून का भागत नाही

कोणी म्हणेल, उकिरड्यावर नेऊन काडी लावली की झाले. तसे नाही. नियमाप्रमाणे भट्टीच्या पहिल्या कप्प्यात सुमारे ८०० अंश आणि दुसऱ्यात सुमारे १०५० अंश उष्णता लागते, आणि धूर त्या दुसऱ्या कप्प्यात निदान दोन सेकंद राहावा लागतो. उकिरड्यावरचा जाळ तिथवर पोहोचत नाही. क्लोरिन असलेले प्लॅस्टिक कमी उष्णतेवर जळले की डायॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते गवतावर बसते, गुरे ते गवत खातात आणि विष चरबीत साठून दुधात उतरते. म्हणजे जाळले दवाखान्याच्या मागे आणि प्यालो आपण घरी!

बरे, मोठ्या भट्टीत जाळले म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. मुंबईत गोवंडीला अशी भट्टी २००९ पासून चालू होती. तिच्या धुराबद्दल तिथले रहिवासी वर्षानुवर्षे तक्रार करीत होते. शेवटी २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात खालापूरकडे हलवण्यास सांगितले. भट्टी कुठेही नेली तरी धूर कुणाच्या तरी दारात जातोच. तेव्हा भट्टीत जाणारा कचराच कमी करणे हा खरा उपाय.

एका सुईने काय होते

आपल्याकडे म्हणतात, "एवढीशी सुई शे, काय व्हस?" काय होते ते पहा. कावीळ ब असलेल्या रोग्याची ताजी सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर शंभरात तिसांपर्यंत लोकांना तो रोग लागू शकतो. एचआयव्हीच्या बाबतीत हे प्रमाण हजारात तीन आहे. काविळीचा हा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. महिनोन्‌महिने मातीत पडलेल्या सुईने कावीळ होण्याची भीती कमी, पण तिथे धनुर्वात वाट पाहत असतो.

शेजारच्या गुजरातेत मोडासा गावी २००९ साली कावीळ ब ची साथ आली होती. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने ती पसरली. शंभरावर लोकांना लागण झाली, कित्येक दगावले. कचऱ्यातल्या सिरिंज गोळा करून पुन्हा विकणारेही तेव्हा उघडकीस आले. म्हणून वापरलेली सुई व सिरिंजचे टोक दवाखान्यातच यंत्राने कापून टाकायचे असते. टोक कापलेली सिरिंज कोणी पुन्हा विकू शकत नाही.

कचरा मुळातच कमी कसा होईल

जुन्या सभासदांना आठवत असेल, पूर्वी कंपाउंडर स्टोव्हवर पाणी उकळून काचेची सिरिंज त्यात टाकीत असे. आता एकदा वापरून फेकायच्या सिरिंज आल्या. रोगप्रसार टाळण्यासाठी ते योग्यच झाले, पण कचरा वाढला. त्यात भर आपण घालतो. दोंडाईच्याला बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गेलो की डॉक्टरांना आपणच म्हणतो, "गोळ्यांनी फरक पडत नाही, सुई टोचा. अशक्तपणा वाटतो, एक बाटली लावा." एक सलाइन म्हणजे एक बाटली, एक नळी, एक सुई, कापूस आणि चिकटपट्टी. गोळीने भागत असेल तर सुईचा हट्ट धरू नये. खिसाही वाचतो आणि कचराही.

पाण्याचेही ध्यानात घ्या. दवाखान्यातले रक्त-औषधाचे सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय गटारीत सोडायचे नाही, असा नियम आहे. गावातून वाहणारी आपली अमरावती नदी पुढे तापीला मिळते. खालच्या अंगाला गुरे पाणी पितात, मोटारी चालतात. वरच्याने काय सोडले, ते खालच्याला भोगावे लागते.

सभासदांनी काय करावे

१. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, किंवा गोठ्यात जनावराला सुई दिली असेल, तर ती केरात वा उकिरड्यावर टाकू नये. जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकावी. सुईला टोपण परत लावू नये, तसे करतानाच बोटाला टोचते. डबा पाऊण भरला की झाकण घट्ट बंद करावे आणि ज्या दवाखान्यातून औषध घेतो तिथे विचारून द्यावा.

२. गुरांच्या डॉक्टरांनी गोठ्यात इलाज केला तर रिकाम्या बाटल्या व सुया परत नेण्याची त्यांना विनंती करावी.

३. शेणखत भरण्यापूर्वी उकिरडा दाताळ्याने उलथून पहावा. हाताने चाचपू नये. काच, प्लॅस्टिक, सुई निघाली तर वेगळी काढावी.

४. बांधणीला व तोडणीला पायात बूट असावेत. टोळी आली की मुकादमाला ही गोष्ट समजावून सांगावी. कोप्यांजवळ मुले खेळतात, तिथे असला कचरा पडू देऊ नये.

५. सुई टोचलीच तर जखम दाबू नये, चोखू नये. साबण लावून वाहत्या पाण्यात धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या लागल्या तर त्या शक्य तितक्या लवकर, आणि ७२ तासांच्या आतच सुरू कराव्या लागतात. धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारून घ्यावे.

६. गावात रक्तदानाचे, डोळे तपासणीचे वा गुरांचे शिबिर ठरले की तारीख ठरवतानाच विचारावे, "कचरा कोण नेणार?" आपल्यापैकी अनेक जण ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, संस्थांच्या संचालक मंडळांवर आहेत. त्यांनी विचारले तर उत्तर मिळते.

पाचट जाळू नका, हे आम्ही आपणांस वर्षानुवर्षे सांगत आलो. प्रथम पुष्कळांनी हसण्यावारी नेले. ज्यांनी पाचट सरीत ठेवले त्यांची जमीन आज हातात घेतली तर भुसभुशीत लागते. या कामालाही थोडा धीर लागेल, पैसा मात्र फारसा लागणार नाही. एक झाकणाचा डबा आणि उकिरडा तपासायला अर्धा तास, एवढाच खर्च आहे. येत्या लागणीपूर्वी प्रत्येक सभासदाने आपला उकिरडा एकदा तपासून घ्यावा, ही आग्रहाची विनंती.

— ऊस विकास अधिकारी