रोगचित्रांतील सीमारेषा

नांदेड अथवा लातूर येथील रुग्णालयांत ज्यांनीं सी. टी. स्कॅनचें चित्र पाहिलें असेल, त्यांस ठाऊकच आहे कीं, त्यांतील अवयवांच्या कडा पुष्कळदां अंधुक असतात. अर्बुदावर किरणोपचार करावयाचा, तर त्याची कड अचूक आंखली पाहिजे. रेषा आंत सरकली तर रोग मागें राहतो. बाहेर सरकली तर निरोगी भागास इजा पोंचते.

चित्रांतील कडा संगणकानें शोधाव्या म्हणून कॅस, विट्किन व टर्झोपुलोस यांनीं १९८७ सालीं एक युक्ति मांडली. कडब्याच्या पेंढीभोंवतीं गुंडाळलेली दोरी आवळली म्हणजे ती पेंढीस चिकटते. त्याचप्रमाणें अवयवाभोंवतीं एक वाटोळी रेषा कल्पावयाची. तिजवर दोन ओढी असतात. पहिली तिला आखूड व गुळगुळीत ठेविते. दुसरी, जेथें उजेड-अंधार एकदम पालटतो, तिकडे खेंचिते. दोहोंचा तोल साधला कीं रेषा थांबते. ती सरपटत सरकते, म्हणून तिला ‘स्नेक’ म्हणजे साप म्हणतात.

मात्र आरंभीं ती कडेपासून दूर असल्यास भलतीकडेच स्थिरावते. खोल खांचेंतही शिरत नाहीं. यावर शू व प्रिन्स यांनीं १९९८ सालीं दूरवर पोंचणाऱ्या ओढीचा उपाय प्रसिद्ध केला. तथापि, विद्यार्थिमित्रहो, आंखलेली रेषा पारखण्याचें दायित्व शेवटीं डॉक्टरांच्या डोळ्यांचेंच होय.