मोजमापावर उभा राहणारा धंदा : गोंदिया जिल्ह्यात दुकानांच्या लाकडी मांडणीचे करिअर

दुकानाची लाकडी मांडणी म्हणजे विक्री, साठवण आणि हिशेब यांसाठी दुकानात कायमचे बसवले जाणारे लाकूडकाम. भिंतीवरचे रॅक, समोरचे काउंटर, काचेची शोकेस, गल्ल्याचा खण, सराफाच्या पेढीतली बैठक, कापड दुकानातले साडीच्या घडीएवढे खोल कप्पे हे सारे त्यात येते. घरगुती फर्निचरपेक्षा हे काम दोन बाबतींत वेगळे आहे. एक तर ते जागेवरून हलत नाही, म्हणून त्याचे माप ठरवण्याचा अधिकार कारागिराच्या आवडीला नसून त्या विशिष्ट दुकानाच्या भिंतींना, खांबांना आणि शटरला असतो. आणि दुसरे म्हणजे ते दिवसाला शेकडो वेळा हाताळले जात असल्याने त्यातली चूक वर्षांनी नव्हे तर आठवड्याभरात उघडी पडते. असे काम एकाच कारागिराने स्वतःच्या लहान कार्यशाळेत मापापासून बसवणीपर्यंत पार पाडणे, हा दहावीनंतरच्या वाटांचा विचार करताना सहसा कोणी न सुचवणारा, पण गोंदियासारख्या जिल्ह्यात गांभीर्याने तपासावा असा व्यवसाय आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी गोंदिया हे हावडा–मुंबई लोहमार्गावरचे जंक्शन, भातगिरण्यांचे शहर आणि मध्य प्रदेश व छत्तीसगड या दोन्ही राज्यांच्या सीमेलगतच्या गावांना जवळ पडणारी बाजारपेठ आहे. सुतारकामाचा विषय निघाला की या भागात पहिला उल्लेख जंगलाचा होतो आणि तो अगदीच अनाठायी नाही. पूर्व विदर्भातल्या सागाला देशभर मान आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी लागणारा साग मार्च २०२३ मध्ये बल्लारशाहच्या आगारातून रवाना झाला होता. तथापि ज्या पालकाला असे वाटते की जंगल जवळ आहे म्हणून मुलाचा धंदा चालेल, त्याने आपला हिशेब पुन्हा तपासावा, कारण आजच्या दुकानातले बहुतेक काम सागात होतच नाही. ते प्लायवूड, ब्लॉकबोर्ड आणि त्यावर चिकटवलेल्या सनमायक्यात होते, आणि हा माल गोंदियात जसा मिळतो तसाच जंगल नसलेल्या जिल्ह्यातही मिळतो. या व्यवसायाचा आधार जंगलाची नव्हे तर दुकानांची जवळीक आहे. आमगाव, तिरोडा, देवरी, अर्जुनी मोरगाव अशा तालुक्याच्या गावांतले गाळे अरुंद, वाकडे आणि एकमेकांपासून भिन्न मापांचे असतात, आणि कारखान्यात ठरावीक मापात तयार होणारी मांडणी त्यांत नीट बसत नाही.

कारागीर इथे नेमके काय विकतो, हे औषध दुकानाच्या उदाहरणाने चांगले कळते. औषधविषयक नियमांनुसार किरकोळ विक्रीच्या दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा लागते. अनुसूची एक्स मधील औषधे फक्त त्यांच्यासाठीच राखलेल्या कुलूपबंद कपाटात वा खणात, किंवा मोजक्या जबाबदार व्यक्तींनाच प्रवेश असलेल्या स्वतंत्र भागात ठेवावी लागतात, आणि जनावरांच्या औषधांसाठीही वेगळे कपाट, खण किंवा भाग राखावा लागतो. म्हणजे लहानशा गाळ्यात शीतकपाट, कुलपाचा खण, जनावरांच्या औषधांचा कप्पा आणि अक्षरक्रमाने लावलेले शेकडो डबे अशा रीतीने बसवायचे, की दुकानदाराला दोन पावलांत सगळे हाताशी यावे. हे नियम माहीत असलेला सुतार दुकानदाराला आराखडा सुचवू शकतो. माहीत नसलेला केवळ सांगितलेल्या फळ्या कापून देतो, आणि दोघांच्या मजुरीत फरक पडणे स्वाभाविक आहे.

त्याच दुकानातला भिंतीवरचा रॅक १० फूट लांब आणि ७ फूट उंच करायचा आहे असे धरले, तर त्याला ५ उभे पाट आणि त्यांच्यामधल्या ४ गाळ्यांत प्रत्येकी १० आडव्या फळ्या लागतात. प्लायवूडची शीट ८ फूट बाय ४ फुटांची येते आणि तिच्या लांबीतून रॅकच्या खोलीएवढ्या रुंदीच्या पट्ट्या काढाव्या लागतात. एका पट्टीत एक उभा पाट किंवा सुमारे २९ इंचांच्या ३ फळ्या बसतात, म्हणून एकूण १९ पट्ट्या हव्यात. दुकानदार सहजपणे ‘एक फूट खोल करा’ असे सांगतो. परंतु करवतीचे पाते प्रत्येक कापात सुमारे ३ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, त्यामुळे ४८ इंचांच्या रुंदीतून पूर्ण १२ इंचांच्या ४ पट्ट्या कधीच निघत नाहीत. तीनच निघतात आणि चौथी थोडक्यात अपुरी पडते. या मापाने ७ शीट लागतात. खोली पावणेबारा इंच ठेवली तर एका शीटमधून ४ पट्ट्या मिळतात आणि ५ शीटमध्ये काम भागते. औषधाच्या डब्यांना तेवढ्या खोलीची गरजच नसल्याने सव्वानऊ इंचांवर दुकानदार राजी झाला, तर ५ पट्ट्या निघून ४ शीट पुरतात, आणि अरुंद गाळ्यात उभे राहायला जागाही वाढते. ७ आणि ४ यांतला हा फरक कोणत्याही यंत्राने घडवलेला नाही; तो कागदावर, पहिला काप घालण्यापूर्वी घडला आहे. एकहाती कार्यशाळेचा नफा बहुतांशी याच जागी असतो, आणि म्हणून ज्या मुलाला गणित ‘जमत नाही’ म्हणून सुतारकामाकडे वळवले जाते, त्याची दिशा मुळातच चुकलेली असते.

मापाचा दुसरा भाग प्रत्यक्ष जागेवर पार पडतो. सुतार इंचाचे आठ भाग करतो आणि त्या प्रत्येक भागाला सूत म्हणतो. जुन्या गाळ्यांच्या भिंती खालपासून वरपर्यंत कित्येक सूत बाहेर गेलेल्या असतात आणि कोपरे क्वचितच काटकोनात असतात. म्हणून जाणता कारागीर भिंतीची रुंदी तळाशी, मध्यावर आणि वर अशा तीन ठिकाणी घेतो, ओळंब्याने उभेपणा आणि पाणसळीने फरशीचा उतार पाहतो, सर्वांत कमी भरलेल्या मापावर सांगाडा बांधतो आणि उरलेली फट भिंतीच्या वळणाप्रमाणे रंधून घेतलेल्या पट्टीने झाकतो. ही पट्टी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तेच तिच्या चांगलेपणाचे प्रमाण आहे.

भरीव लाकूड वापरायचे तेव्हा हवामानाचा विचार टाळता येत नाही. लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. ही हालचाल तंतूंच्या लांबीत जवळजवळ नसते, रुंदीत मात्र लक्षणीय असते. गोंदियाचा उन्हाळा कमालीचा कोरडा आणि पावसाळा तितकाच दमट असल्यामुळे मे महिन्यात अचूक बसवलेला सागाचा खण ऑगस्टमध्ये अडकतो. रुंद भरीव फळी चौकटीत घट्ट न चिकटवता खाचेत मोकळी ठेवणे हा त्यावरचा जुना उपाय आहे. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ही हालचाल बरीच आवरली जाते, परंतु तिथे प्रश्न दर्जाचा येतो: भारतीय मानक ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या आणि ७१० हे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचे मानक आहे, आणि रोज पाण्याने पुसल्या जाणाऱ्या मिठाईच्या काउंटरला कोणते घ्यावे हे ग्राहकाला पटवून सांगणे कारागिराचेच काम असते.

शिक्षणाचा औपचारिक मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून जातो. सुतारकाम हा तिथला एक वर्षाचा अभ्यासक्रम असून त्याला आठवी उत्तीर्ण विद्यार्थीही पात्र असतात. प्रत्येक संस्थेत प्रत्येक अभ्यासक्रम नसतो, त्यामुळे प्रवेशाच्या ऑनलाइन फेरीपूर्वी जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या संस्थांची यादी पाहून घ्यावी. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या आस्थापनेत विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. ज्याला यंत्रकामात पुढे जायचे आहे त्याच्यासाठी बेंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत आधुनिक लाकूडकामाचे प्रशिक्षण केंद्र आहे. मात्र एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर लगेच स्वतःची कार्यशाळा उघडणे धोक्याचे आहे, आणि पालकांनी घाई करू नये असे आवर्जून सांगावेसे ठिकाण हेच. जर्मनीत सुताराची उमेदवारी साधारण तीन वर्षांची असते. आपल्याकडेही एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली तीन-चार वर्षे काढलेला मुलगाच बिजागरी, खणाची सरक, काच आणि कुलूप यांच्या बारीकसारीक खोडी ओळखू लागतो. नागपूरच्या एखाद्या मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यात वर्षभर काम केले तर फायदाच होतो, कारण प्रतिस्पर्धी कोणत्या कामात स्वस्त पडतो आणि कोणत्या कामाला हातच लावत नाही हे तिथे आतून दिसते. सरळ, एकसारख्या रॅकच्या बाबतीत कारखान्याशी आणि लोखंडी रॅकवाल्यांशी किमतीची स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

अनेक पालकांच्या मनात पैशाआधी प्रतिष्ठेचा प्रश्न असतो, जरी तो तोंडाने विचारला जात नाही. गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता. नांगर-वखराची आणि बैलगाडीची कामे करून हंगामाला धान्य घेणारा, आणि म्हणून जातीशी जोडला गेलेला. आजच्या कार्यशाळेत कोणत्याही जातीची मुलगी किंवा मुलगा हे काम करू शकतो, आणि जागतिक कौशल्य स्पर्धेत लाकडी जोडकाम आणि कपाटकाम असे दोन स्वतंत्र विभाग असतात. तरीही लग्नाच्या बाजारात ‘सुतारकाम करतो’ या वाक्याचे वजन आयटी कंपनीच्या कारकुनीपेक्षा कमीच भरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते बदलायला दुकानाची पाटी आणि दोन-तीन वर्षांचे नीट हिशेब अधिक उपयोगी पडतात.

हिशेबात सर्वांत जास्त फसगत दिवस मोजण्यात होते. एकट्या माणसाला माप घेणे, आराखडा काढणे, अंदाजपत्रक देणे, माल आणणे, कापणे, जोडणे, नेणे, बसवणे आणि उधारी वसूल करणे हे सारे स्वतःच करावे लागते. महिन्यात २५ दिवस काम झाले असे समजले तरी त्यातले प्रत्यक्ष लाकडावरचे दिवस निम्म्याच्या थोडेच वर असतात. दर ठरवताना फक्त यंत्रावरचे दिवस धरले, तर कारागीर बाकीचे दिवस फुकट राबतो. कामाची लाटही सम नसते: दसरा-दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी सर्वांना एकाच वेळी दुकान नवे करून हवे असते आणि भर पावसात मागणी ओसरते. मालाच्या किमतीएवढी आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय प्लायवूड उचलू नये आणि आराखड्यावर ग्राहकाची सही घ्यावी, या दोन सवयी सुरुवातीपासून लावलेल्या बऱ्या.

भांडवलासाठी योजना आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि सरकारी नोकरीतल्या व्यक्तीचे कुटुंब अपात्र ठरते. मोठी यंत्रे घ्यायची असतील तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातले अनुदान ग्रामीण भागात अधिक, म्हणजे प्रवर्गानुसार प्रकल्पखर्चाच्या २५ किंवा ३५ टक्के असते. उद्यम नोंदणीला शुल्क लागत नाही, त्यामुळे तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे.

धोके स्पष्ट सांगितले पाहिजेत. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे, म्हणून धूळ खेचणारे यंत्र आणि चांगला मास्क हा यंत्रखरेदीचाच भाग मानावा. गोल करवतीवर बोटे गमावण्याचे अपघात बहुधा संरक्षक झाकण काढून ठेवल्याने होतात, आणि एकट्याच्या कार्यशाळेत मदतीला धावणारे कोणी नसते. करवतीवरचे काम शेजारी माणसे जागी असतील अशाच वेळी करावे, थकव्यात रात्री उशिरा कधीही करू नये.

सागाचे वा बिजाचे काम घ्यायचे ठरलेच, तर लाकूड आगारातून किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडूनच पावतीसह घ्यावे आणि वाहतूक परवाना, ज्याला व्यवहारात टीपी म्हणतात, तो सांभाळून ठेवावा. वनक्षेत्राच्या जिल्ह्यात तपासणी होते आणि स्वस्तात मिळालेल्या विनापरवाना चौकटीपायी संपूर्ण कार्यशाळा अडचणीत येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ पासूनच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशांमुळे आरामशीनवर कडक नियंत्रण आहे, त्यामुळे ओंडके स्वतः चिरण्याचा मोह टाळून चिरलेले लाकूड विकत घ्यावे आणि कोणतेही मोठे चिराई यंत्र बसवण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी.