नोंदवहीबाहेरची वस्ती : स्थलांतरितांसाठी आरोग्य कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका एके काळी आंबेमोहोर तांदूळ, मुसळधार पाऊस आणि १९२१ चा सत्याग्रह यांसाठी ओळखला जाई. धरणासाठी गावे उठली, माणसे विस्थापित झाली, त्याची आठवण या खोऱ्यात अजून जिवंत आहे. गेल्या काही दशकांत याच तालुक्यात उलट दिशेचे स्थलांतर घडून आले. पिरंगुट, घोटवडे, कासार आंबोली, उरवडे या परिसरात कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यामागोमाग दूरदूरचे कामगार आले. पिरंगुटहून मुठा खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील उरवडे गावी आज भातखाचरे आणि कारखान्यांचे पत्रे शेजारी शेजारी दिसतात.

७ जून २०२१ रोजी उरवडे येथील एका रसायन कारखान्यात आग लागून १७ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. या दुर्घटनेने कारखान्यांच्या आतील सुरक्षिततेकडे सर्वांचे लक्ष वेधले. तथापि, कामाची वेळ संपल्यावर कामगार ज्या खोलीत परततो, जे पाणी पितो, ज्या शौचालयाचा वापर करतो, तेथील धोका आगीसारखा डोळ्यांत भरत नाही. तो रोज थोडा थोडा अंगावर येतो. हा धोका ओळखू शकेल आणि वेळीच आवर घालू शकेल अशी व्यक्ती वस्तीतच असणे आवश्यक आहे. अशा व्यक्तीची निवड व प्रशिक्षण हा या लेखाचा विषय होय.

लोकसंख्येचे गणित

ग्रामीण आरोग्यसेवेची रचना लोकसंख्येवर आधारलेली आहे. सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र. अनुक्रमे ५ हजार व ३ हजारांस एक उपकेंद्र. आणि सर्वसाधारणपणे १ हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका, असे हे प्रमाण आहे. ही लोकसंख्या जनगणनेतील असते. जनगणनेनंतर चाळीत राहावयास आलेले कुटुंब, हंगामापुरती वीटभट्टीवर उतरलेली टोळी किंवा बांधकामाच्या जागी पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी माणसे या गणितात धरलेली नसतात. हजार माणसांसाठी नेमलेल्या कार्यकर्तीच्या हद्दीत प्रत्यक्षात कितीतरी अधिक माणसे राहत असतात. औषधे, लस आणि वेळ मात्र हजारांपुरतीच मिळते.

स्थलांतर हे केवळ परप्रांतातून येणाऱ्यांचे नसते. मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणारी कुटुंबे, दगडखाणीवर काम करणारे वडार, वीटभट्टी व कोळसाभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे ही सर्व महाराष्ट्रातीलच आहेत. मुळशी, मावळ व रायगड भागातील कातकरी पावसाळा संपताच पाडा सोडतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलाचा लसीचा एक डोस पाड्यावर झालेला असतो, दुसरा भट्टीवर व्हावयास हवा आणि तिसरा पुन्हा पाड्यावर. या तिन्ही ठिकाणच्या नोंदवह्या वेगवेगळ्या असल्याने ते मूल कोणाच्याच यादीत पूर्ण दिसत नाही.

यावर उपाय अशक्य नाही, हे पोलिओ निर्मूलन मोहिमेने सिद्ध केले आहे. या मोहिमेत वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांचे तळ आणि झोपडवस्त्या यांच्या स्वतंत्र याद्या करण्यात आल्या, तसेच रेल्वे व बसस्थानकांवर प्रवासातील बालकांना डोस देण्यात आले. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ज्यांची मोजणी झाली, त्यांच्यापर्यंत सेवा पोहोचली.

मागील अनुभवाचा धडा

सामान्य शिक्षण असलेली व्यक्तीही योग्य प्रशिक्षणाने आरोग्याचे मोठे काम करू शकते, याची उदाहरणे महाराष्ट्राला नवीन नाहीत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यातील स्त्रियांना ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. त्यांतील अनेक निरक्षर होत्या. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी वढू बुद्रुक परिसरात गावातील स्त्रियांच्या साहाय्याने असेच कार्य उभे केले.

२ ऑक्टोबर १९७७ पासून देशात सामाजिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू झाली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि दरमहा ५० रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते. निवड झालेल्यांत पुरुषांची संख्या अधिक होती. माता व बालकांच्या आरोग्यासाठी घरात प्रवेश मिळणे त्यांना कठीण गेले. प्रशिक्षणानंतरची देखरेखही अपुरी राहिली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली आशा योजना आली, तेव्हा कार्यकर्ती स्त्रीच असावी आणि प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने व्हावे, हे धोरण ठरले.

स्थलांतरितांच्या बाबतीत सर्वांत बोलका अनुभव १९७१ चा आहे. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. ते पाजण्याचे काम बव्हंशी रुग्णांच्या नातेवाइकांनी केले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाला एक साधी गोष्ट नीट शिकविली तर केवढा फरक पडतो, हे त्या छावणीने दाखवून दिले.

निवड कोणाची करावी?

गावातील आशा स्वयंसेविका हा या कामाचा कणा राहील. परंतु चाळीतील वा भट्टीवरील कुटुंबांशी तिची ओळख नसते. पुष्कळदा भाषाही निराळी असते. यास्तव प्रत्येक मोठ्या वस्तीतून एक साहाय्यक कार्यकर्ती निवडणे इष्ट ठरेल. तिला दोन-तीन भाषांतून संभाषण करता यावे. शेजारच्या स्त्रियांचा तिच्यावर विश्वास असावा. शिक्षणाची अट कडक नसावी. मुकादमाच्या वा घरमालकाच्या शिफारशीवरच निवड सोपवू नये, कारण पाण्याविषयी वा शौचालयाविषयी तक्रार करण्याची वेळ आल्यास ती बहुधा त्यांच्याविरुद्धच असते. वस्तीतील स्त्रियांच्या बैठकीत, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्यसेविका यांच्या समक्ष निवड व्हावी.

निवडलेली कार्यकर्ती स्वतःही उद्या गाव सोडून जाण्याचा संभव आहे. म्हणून एकाऐवजी दोघींना प्रशिक्षण द्यावे. त्यांपैकी एक निघून गेली तरी तिने घेतलेले ज्ञान वाया जात नाही. ते दुसऱ्या वस्तीत जाते.

प्रशिक्षणाचे विषय

पहिला पाठ : पाणी. विहीर, टाकी किंवा टँकर यांपैकी वस्तीला पाणी कोठून मिळते, याचा नकाशा कार्यकर्तीने स्वतः काढावा. १ हजार लिटर पाण्यास ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर (टी. सी. एल.) हे प्रमाण तिला पाठ असावे. गोल विहिरीतील पाणी मोजण्याची रीत अशी : त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले पाण्याची खोली, सर्व मीटरमध्ये. आलेल्या संख्येस १ हजाराने गुणले की लिटर मिळतात. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असल्यास ते सुमारे ३७,७०० लिटर होते व त्यास सुमारे १९० ग्रॅम पावडर लागते. पावडर बादलीत कालवून चुन्याचा साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळी पाण्यात मिसळावी. अर्ध्या तासानंतर ओ. टी. चाचणी घ्यावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंग न आल्यास नाही. उघड्या पिशवीतील पावडरीची शक्ती कमी होते, म्हणून ती कोरड्या व अंधाऱ्या जागी बंद ठेवावी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाबरोबर हा पाठ प्रत्यक्ष विहिरीवरच घ्यावा.

दुसरा पाठ : शौचालय व सांडपाणी. आपत्कालीन छावण्यांसाठी मान्य असलेले आंतरराष्ट्रीय मापदंड २० व्यक्तींमागे किमान एक शौचालय आणि माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी असे आहेत. ग्रामीण नळयोजनांसाठी हेच प्रमाण माणशी ५५ लिटर धरले जाते. आपली वस्ती या दोन आकड्यांच्या तुलनेत कोठे उभी आहे, हे कार्यकर्तीने मोजून सांगावे. स्त्रियांसाठी वेगळी, कडी असलेली व रात्री दिवा असलेली सोय आहे काय, हेही पाहावे. दोन खड्ड्यांचे शौचालय, विहिरीपासून त्याचे अंतर, शोषखड्डा आणि साबणाने हात धुण्याच्या वेळा (शौचानंतर, स्वयंपाकापूर्वी, मुलास भरविण्यापूर्वी) या बाबी प्रात्यक्षिकाने शिकवाव्यात.

तिसरा पाठ : जुलाब. जलसंजीवनीचे पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवावे. पाकीट नसल्यास एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घ्यावे. चमचा चहाचा असावा. सहा महिन्यांवरील बालकास जस्ताची २० मिलिग्रॅमची गोळी, व दोन ते सहा महिन्यांच्या बालकास १० मिलिग्रॅम, दररोज एकदा याप्रमाणे १४ दिवस द्यावी. अंगावरचे दूध थांबवू नये. डोळे खोल जाणे, मूल मलूल होणे, लघवी बंद होणे, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत होणे ही धोक्याची चिन्हे दिसताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

चौथा पाठ : डास व ताप. पाणी रोज येत नाही तेथे पिंपे भरून ठेवली जातात आणि त्यांतच डेंग्यूच्या डासाची पैदास होते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून सर्व भांडी रिकामी करून घासावीत. तापाच्या प्रत्येक रुग्णाचा रक्तनमुना तपासला जाईल, अशी दक्षता घ्यावी.

पाचवा पाठ : माता, बालक व क्षयरोग. नवीन कुटुंब आले की पहिल्या आठवड्यातच तीन प्रश्न विचारावेत : घरात कोणी गरोदर आहे काय? पाच वर्षांखालील मूल आहे काय? दोन आठवड्यांहून अधिक काळ कोणास खोकला आहे काय? गरोदर स्त्रीस १८० दिवस लोहाच्या गोळ्या मिळाव्यात; बालकास सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या लसी आणि नऊ महिन्यांनंतरची गोवर-रुबेला लस मिळावी. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. खोकला थांबला की औषध थांबते, हा सर्वांत मोठा धोका होय. निक्षय प्रणालीत रुग्णाची नोंद असल्यास गाव बदलल्यावरही उपचार पुढे चालू ठेवता येतो, ही माहिती कार्यकर्तीने रुग्णाला निघण्यापूर्वीच द्यावयास हवी.

शिकविण्याची रीत

बारा-बारा तास राबणाऱ्या स्त्रीला सलग आठवडाभराच्या शिबिराला बोलावणे म्हणजे तिची मजुरी बुडविणे होय. त्यापेक्षा साप्ताहिक सुटीच्या दिवशी दोन तासांचा पाठ आणि त्यावर आठवडाभर वस्तीत सराव ही पद्धत अधिक फलदायी ठरेल. दर पाठाच्या आरंभी मागील आठवड्याचे काम प्रत्येकीने सांगावे. कोणत्या घरी दार उघडले नाही, कोणत्या मातेने गोळ्या टाकून दिल्या, कोणती टाकी झाकणाविना आढळली, यांतूनच पुढचा पाठ तयार होतो. व्याख्यानापेक्षा भांडे, चमचा, पावडर आणि पाणी यांनीच शिकवावे. प्रशिक्षणाच्या दिवसाची मजुरी व नियमित मानधन यांची तरतूद असल्याखेरीज हे काम टिकणार नाही. सेवाभावाच्या नावाखाली गरीब स्त्रीचे श्रम फुकट घेऊ नयेत.

ग्रामपंचायत, शाळा आणि मालक

या कार्यात ग्रामपंचायतीचे स्थान मध्यवर्ती आहे. गावातील पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा पाहणी होऊन हिरवी, पिवळी व लाल कार्डे दिली जातात. भाडेकरूंच्या चाळींचे स्रोत व टाक्याही पाहणीत यावयास हव्यात. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीस वस्तीतील कार्यकर्तीस बोलवावे. खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी किती माणसांमागे किती शौचालये ठेवावीत, याचा ठराव ग्रामसभेने करावा. साथ आली तर ती चाळीच्या भिंतीपाशी थांबत नाही, हे ग्रामस्थांनी ध्यानात घ्यावयास हवे. मुकादम, ठेकेदार व कारखानदार यांचीही जबाबदारी आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांना निवास व वैद्यकीय सोय देण्याचे बंधन ठेकेदारावर १९७९ च्या कायद्याने घातले होते. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या संहितेत त्या कायद्याचा समावेश करण्यात आला.

शिक्षकांचा वाटाही मोलाचा आहे. वर्गात आलेले नवे मूल हे बहुधा गावात आलेल्या नव्या कुटुंबाची पहिली खबर असते. स्थलांतरित मुलांसाठी जसे शिक्षण हमी कार्ड देण्यात येते, तशीच माता व बाल संरक्षण कार्डाची काळजी घ्यावी. हे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुटुंबाच्या हाती द्यावे. गाव सोडताना भांड्याकुंड्यांबरोबर तेही बांधले जाईल, हे पाहणे कार्यकर्तीचे शेवटचे परंतु अत्यंत महत्त्वाचे काम समजावे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा पुणे परिसरातून असंख्य कामगार पायी निघाले. त्यांची संख्या, नावे व गावे यांची पुरेशी नोंद कोठेही नव्हती. त्या दिवसांचा बोध एवढाच की, संकट आल्यावर मोजणी सुरू करून चालत नाही. चाळीच्या दारावर टकटक करून तीन प्रश्न विचारणारी शेजारीण आधीपासून असावी लागते. तिला शिकविण्यास फार मोठा खर्च येत नाही. आंबेमोहोराच्या खाचरांशेजारी राहावयास आलेला माणूस एका हंगामासाठी आला असला, तरी त्या हंगामापुरता तो त्या गावचाच असतो, ही जाणीव मात्र सर्वांनी बाळगली पाहिजे.